गाडी विकली, नाव राहिलं

जुनी दुचाकी विकली, पैसे मिळाले, चावी दिली, आरटीओच्या फॉर्मवर सही करून दिली, की विषय संपला असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. "नावावर करून घेतो हां दोन-चार दिवसांत," असं घेणारा म्हणतो. विकणारा मान डोलावतो. त्यानंतर ते दोन-चार दिवस कधी येतच नाहीत.

आमच्या तालुक्यात गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा बघा. लालबाग-परळच्या माणसाने पुतण्याला दिलेली, पुतण्याने मेहुण्याला दिलेली, मेहुण्याने वाडीतल्या कुणाला तरी विकलेली एम-एच-झिरो-वनची गाडी इथे भात झोडण्यापासून मासळी बाजारापर्यंत सगळीकडे फिरत असते. आरटीओच्या दप्तरात मालक कोण? मुंबईतला तो पहिला माणूस. त्याची चाळ पडून टॉवर झाला, तो निवृत्त झाला, गाडीचा रंगही बदलला. नाव मात्र त्याचंच.

हे किती महागात पडू शकतं, ते मला एका येझदीच्या व्यवहारात जवळून बघायला मिळालं. व्यवहार माझा नव्हता. मी फक्त मधला माणूस होतो. पण बातमीदार असल्यामुळे कागद वाचायची खोड आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. लांब आहे, वेळ काढून वाचा.

घेणारा माझा मित्र. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो आणि तो इंजिनिअरिंगचा, तेव्हा आम्ही दोघं लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचो. एका खोलीत पंधरा-वीस जण, आळीपाळीने झोपायचं, खानावळीचा डबा. त्याला तेव्हापासून मोटारसायकलींचं वेड. खिशात बसचे पैसे नसायचे, पण भारतमाता थिएटरसमोरून गाडी गेली की आवाजावरून कंपनी सांगायचा. पुढे त्याने दादरला, नायगावात घर घेतलं, आईवडिलांना तिथे आणलं, आणि नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेला.

तिकडे २०१९ मध्ये त्याने एक जुनी रॉयल एन्फिल्ड घेतली. विकणारा एक निवृत्त शिक्षक, रेडिचजवळ राहणारा. रेडिच हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लागूनच आहे, आणि एन्फिल्डचं मूळ गाव तेच. १९५५ पासून या गाड्या मद्रासला जोडल्या आणि मग बनवल्या जाऊ लागल्या, रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, आणि आता मद्रासला बनलेली गाडी रेडिचचा माणूस चिपळूणच्या माणसाला विकतोय. मित्राला याचंच जास्त अप्रूप होतं.

त्याने फोनवर सांगितलेला प्रसंग असा. गाडी बघायला जाण्याआधीच त्याने सरकारी वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून तिचा तपासणीचा इतिहास वाचला होता. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची असते. त्यात किती मैल झाले, कुठल्या वर्षी ब्रेकबद्दल शेरा आला, हे सगळं कुणालाही फुकट बघता येतं. म्हणजे मीटर मागे फिरवायची सोय नाही. मास्तरांनी चहा दिला, सगळ्या बिलांची फाईल दाखवली, गाडी चालवून बघायला दिली. भाव ठरला. मग मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, वाहन खात्याच्या साईटवर लॉगबुकचा क्रमांक टाकला, मित्राचं नाव-पत्ता भरला. लगेच ईमेल आला. लॉगबुकातली एक हिरवी चिठ्ठी फाडून मास्तरांनी मित्राच्या हातात दिली. त्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाने मित्राने मोबाईलवर रस्त्याचा कर भरला, विमा आधीच काढून ठेवला होता, आणि गाडी घेऊन निघाला. नवं लॉगबुक नंतर टपालाने घरी आलं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. गाडी विकल्याचं सरकारला कुणी कळवलं? विकणाऱ्याने. त्याने कळवलं आणि नोंदीतून तो मोकळा झाला. घेणारा पुढे काय करतो, कुठे सिग्नल तोडतो, याच्याशी मास्तरांचा संबंध उरला नाही. न कळवल्यास तिकडे एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे विकणारा विसरत नाही. तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मला म्हणायचं नाही. लॉगबुकात नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध होते असंही नाही, तसं लॉगबुकावरच छापलेलं असतं, म्हणून पावती वेगळी घ्यावी लागते. पण गाडी कुणाकडे आहे हे दप्तराला त्याच दिवशी कळतं.

आता आपल्याकडे येऊ.

मित्राला येझदी हवी होती, रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि मग येझदी बनत होत्या. कारखाना इराणी कुटुंबाचा. ते आधी मुंबईत जावा आयात करून विकायचे. रोडकिंग आली १९७८ मध्ये आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण जुनी येझदीसुद्धा तिशीच्या आसपास. ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक आहे, जो दांडा गिअरचा तोच उभा करून किकचा. बाहेरच्या माणसाने पहिल्यांदा बघितला की तो किक शोधत बसतो.

ओळखीतून ओळख निघाली आणि लालबागचे एक काका सापडले. बेस्टमध्ये फिटर होते, आता निवृत्त. १९८६ ची रोडकिंग, पहिल्यापासून त्यांच्याच नावावर. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी गाडी पास करून घेतलेली, कागद २०२६ पर्यंत चालू. विकायचं कारण दुहेरी. गुडघ्यामुळे किक मारता येईना. आणि चाळ जाऊन टॉवर झाला तरी पार्किंगमध्ये जुन्या भाडेकरूंच्या दुचाकींना जागा मोजकीच. सोसायटीने सांगितलं होतं, चालू गाडी असेल तर ठेवा, नाहीतर हलवा.

चोर बाजारात सुटे भाग करून विकणारे काकांना जास्त पैसे देत होते. काकांनी दिली नाही. त्यांना चालवणारा पाहिजे होता.

डिसेंबर २०२४ मध्ये मित्र तीन आठवड्यांच्या रजेवर आला आणि आम्ही दोघं काकांकडे गेलो. मी बरेच व्यवहार पाहिलेत, पण विकणाऱ्याने स्वतःहून दोष मोजून दाखवलेले पहिल्यांदाच बघितले. "टाकीला इथे पुटी आहे, हात लावून बघ. क्रँकचं सील मी बदललंय, पण पुन्हा गळू शकतं. मीटर ओरिजिनल नाही. सायलेन्सरची जोडी वेगवेगळ्या गाड्यांची आहे." मग त्यांनी मित्राची परीक्षा घेतली. पॉइंट कसा सेट करतोस? ऑईल पेट्रोलात आधी टाकतोस की नंतर? मित्र पास झाला. करी रोडच्या पुलापर्यंत एक फेरी झाली. परत आला तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर तोच आनंद होता. भाव पासष्ट हजार, घासाघीस न करता.

मित्राने पैसे पुढे केले. काकांनी घेतले नाहीत.

"आधी नाव. नाव बदललं की पैसे, आणि मग गाडी."

मित्राला वाटलं काका गंमत करतायत. काकांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात कोर्टाचे कागद.

२०११ मध्ये काकांनी घरातली स्कूटर एका ओळखीच्या माणसाला विकली होती. फॉर्मवर सह्या करून दिल्या, तारीख कोरी. त्या माणसाने नावावर केली नाही, पुढे विकली. ज्याने घेतली त्यानेही तेच केलं. काही वर्षांनी काकांच्या मोबाईलवर ई-चलनाचे मेसेज यायला लागले. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ठिकाण भिवंडीकडचं. काका लालबागच्या बाहेर पडले नव्हते. आणि मग मोटार अपघात दाव्याची नोटीस आली. त्या स्कूटरने एका पायी चालणाऱ्या माणसाला उडवलं होतं, त्याचा पाय गेला होता. स्कूटरचा विमा नव्हता. चालवणारा हातावर पोट असलेला पोरगा. दप्तरात मालक कोण? काका. तीन वर्षं तारखा झाल्या. शेवटी तडजोडीत काकांनी निवृत्तीच्या पैशातले दोन लाख रुपये दिले. ज्या गाडीला आठ-नऊ वर्षांत हात लावला नव्हता, तिच्यासाठी.

काका कोर्टाला दोष देत नव्हते. "त्या माणसाचा पाय गेला होता," एवढंच म्हणाले.

कायदा काय सांगतो, ते मी नंतर वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विकणाऱ्याचा फॉर्म २९ नंबरचा, हस्तांतराच्या अर्जाचा ३०. म्हणजे विकणाऱ्याने कळवावं हे आपल्याही कायद्यात आहे. मग अडतं कुठे? नुसतं कळवून तो सुटत नाही. नोंदीत नाव बदलेपर्यंत मालक तोच.

सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. एक मोटार एकामागून एक हातांतून गेली, २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, दप्तरात नाव ज्याचं तो मालक, जबाबदारी त्याची. कारणही पटणारं आहे. ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत फिरायचं का? त्याला एक नक्की नाव मिळालंच पाहिजे.

मला यात न्यायालयाचं चुकलं असं वाटत नाही. पीडिताचं संरक्षण बरोबरच आहे. प्रश्न असा आहे की ते दप्तर खरं राहील अशी सोय आपण केली आहे का?

विम्याचंही असंच. गाडी विकली की तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असं कलम १५७ मानतं, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असं आपोआप जात नाही. किती जण कळवतात?

तर मित्राची रजा सुरू होती. अर्ज ऑनलाईन भरायला बसलो. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. काकांचा ओटीपी आला. मित्राचा येईना, कारण आधारला जोडलेला त्याचा मुंबईचा नंबर परदेशी गेल्यावर रिचार्ज न केल्याने कधीच बंद झाला होता. तो नंबर आता कुणा भलत्याच माणसाकडे. आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडायला दिला. तो जोडला जायला दिवस लागतात. मध्ये नाताळ, शनिवार-रविवार. कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीवरच्या बाई चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. पण घेणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय त्यांनाही पुढे जाता येत नव्हतं.

मुखत्यारपत्राचा विचार झाला. त्यासाठी परत गेल्यावर बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन करायचं, कागद इकडे पाठवायचा, तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, आणि एवढं करूनही ओळख पटवण्यासाठी प्रत्यक्ष या म्हटलं तर? एका जुन्या मोटारसायकलीसाठी. नाव बदलायची फी किती माहीत आहे? दीडशे रुपये.

रजेचा शेवटचा दिवस आला. मित्र काकांना म्हणाला, "काका, पैसे ठेवून घ्या. गाडी माझ्या बिल्डिंगखाली, दादरलाच राहील. बाबांशिवाय कुणी हात लावणार नाही. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

काका म्हणाले, "तुझ्यावर आहे रे. पण तू उद्या कुणाला देशील, तो परवा कुणाला विकेल. त्या चौथ्या माणसाला मी ओळखत नाही ना."

मित्र थोडा रागावून गेला. मला तेव्हा दोघांचंही बरोबर वाटलं, आजही वाटतं. गाड्यांच्या वेडात माणसं एकमेकांवर पटकन विश्वास टाकतात, म्हणून तर हा व्यवहार सुंदर असतो. पण तो विश्वास दोन माणसांपुरता. गाडी दोन माणसांपुरती राहत नाही. ती माणसांपेक्षा जास्त जगते, विशेषतः येझदीसारखी.

पुढचे आठ महिने गाडी लालबागलाच राहिली. काका दर रविवारी शेजारच्या पोराकडून किक मारून घ्यायचे आणि मित्राला फोनवर आवाज ऐकवायचे. सोसायटीची एक नोटीस आली, तिलाही काकांनी गाडी चालू करून उत्तर दिलं. २०२५ च्या गणपतीला मित्र पुन्हा आला. या वेळी आधारचा नंबर चालू होता, दोन्ही ओटीपी आले, नाव बदललं. गाडी नायगावला गेली. बरोबर काकांनी साठवलेल्या सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबाही, त्याचे पैसे न घेता.

व्यवहार गोड झाला. पण तो काकांच्या हट्टामुळे झाला, व्यवस्थेमुळे नाही. आणि असा हट्ट करायला आधी दोन लाखांचा फटका बसावा लागला. ज्याला पैशांची घाई आहे, ज्याची चाळ उद्या रिकामी करायची आहे, ज्याचं विमान परवा आहे, तो असा हट्ट करू शकत नाही. तो कोऱ्या फॉर्मवर सही करतो.

गंमत म्हणजे यावर उपाय सरकारला माहीत आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २२ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचना काढली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुम्ही नोंदणीकृत डीलरला जुनी गाडी दिली, तर २९-सी या फॉर्मने ऑनलाईन कळवायचं, आणि कळवल्यानंतर पुढच्या जबाबदारीसाठी मालक म्हणून तो डीलर धरला जातो. विकणारा मोकळा. रेडिचच्या मास्तरांसारखाच. म्हणजे गाडी दुकानदाराला दिली तर ही सोय आहे. लालबागच्या काकांनी गाडी ओळखीच्या माणसाला दिली तर नाही. का? खेड्यापाड्यांत आणि चाळींत बहुतेक जुन्या दुचाकी डीलरकडे जातच नाहीत. चुलत्याकडे, मित्राकडे, गॅरेजवाल्याकडे जातात.

मला वाटतं मागणी सरळ आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९ ऑनलाईन भरावा, त्यात घेणाऱ्याची ओळख आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ असावी, घेणाऱ्याने ते मान्य करावं, आणि त्या क्षणापासून पुढच्या अपघाताची, चलनाची जबाबदारी घेणाऱ्याची. मान्य करण्याची सोय परदेशातल्या भारतीयाला पासपोर्टवरही मिळावी. पीडिताला तेव्हाही एक नक्की नाव मिळेल, आणि ते खऱ्या माणसाचं असेल. पोलिसांनाही हेच हवं आहे. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्यातली मोटारही अनेक हातांतून गेलेली होती आणि तपास आधी नोंदीतल्या नावापासून सुरू करावा लागला. आमदार-खासदारांनी यावर बोलावं. यात कुठल्या पक्षाचं काही जात नाही.

नियम बदलेपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करा.

कोऱ्या फॉर्मवर सही नाही, तारीख तिथल्या तिथे घाला. साध्या कागदावर ताबापावती करा, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला आणि विमा कंपनीला कळवा आणि पोच जपून ठेवा. जमलं तर नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवा. घेणाऱ्याने आधी थकलेली चलनं बघावीत. आणि परदेशात असलेल्यांनी आधारला जोडलेला इकडचा नंबर बंद पडू देऊ नये. वर्षाला चार पैसे जातील, पण रजा वाया जाणार नाही.

शेवटचं एक काम आजच करा. घरात पूर्वी विकलेल्या सगळ्या गाड्यांचे नंबर आठवा. वडिलांची स्कूटर, काकाची बुलेट, कॉलेजात असताना घेतलेली ती बाईक. एम-परिवहन ॲपवर एकेक नंबर टाका. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतं. ते अजून तुमचंच निघालं, तर खाली लिहा. नंबर टाकू नका, फक्त गाडी विकून किती वर्षं झाली ते लिहा. आकडे जमले की मी ते आमच्या आमदारांसमोर नेऊन ठेवतो.